पाणी बघून आमिष

वैशाख लागला की धरणाचं पाणी मागं सरकतं आणि आमच्या रानाची खालची पट्टी उघडी पडते. आधी चिखल, मग भेगा, मग भेगांच्या कडेनं शिंपल्यांचा चुरा आणि वाळलेल्या शेवाळाचा वास. कुणाला तो वास ओंगळ वाटेल, मला मात्र अजून भूक लागते. शेजारपाजारचे लोक उघड्या पडलेल्या गाळात काकडी-खरबूज लावतात. आम्ही तिथं कधी काही लावलं नाही, कारण ती आमची बसायची जागा होती. पट्टीच्या टोकाशी धरणाच्या पाण्याचा एक अरुंद फाटा जमिनीत शिरलाय. दोन्ही काठांना बेशरमीची झुडपं. ह्या काठाला आमची वाटणी, त्या काठाला थोरल्या जावेची. मधलं पाणी फार तर चाळीस पावलांचं.

गेल्या आठवड्यात मी तिथं गळ घेऊन बसले, अकरा वर्षांनी. समोरच्या काठावर आक्का बसली होती. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. साठी ओलांडली, एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी पाठ ताठ आणि दुसरा डोळा पाण्यावर. तिनं मला येताना पाहिलं, बसताना पाहिलं, आणि पदर पुढं ओढून परत आपल्या दोऱ्याकडं बघायला लागली. आमचं अकरा वर्षं असंच चाललं होतं. वाटणीच्या वेळी काय काय झालं ते सांगत बसत नाही. जीभ माझी घसरली होती, एवढं खरं. ती बोलायची थांबली, मी माफी मागायची टाळली, आणि दोघींनी मिळून एवढी वर्षं घालवली.

आता मात्र मला घाई होती. माझ्या तेजूचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं. तेजूला मी जन्म दिला तेवढाच. तिला चालायला शिकवलं आक्कानं, पोहायला शिकवलं आक्कानं, भाकरी थापायला शिकवली तीही आक्कानं. पत्रिका घेऊन मी स्वतः तिच्या दारात गेले होते, वर अक्षता ठेवून. आक्कानं पत्रिका घेतली, कपाळाला लावली, देवाजवळ ठेवली, चहा करून माझ्यापुढं ठेवला आणि आत निघून गेली. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही, काहीच नाही. तेजूनं विचारलं तर तिला म्हणाली, "तुज्या आईचं आन माजं हाय ते. तू मदी पडू नको." त्यावर तेजू घरी येऊन मला म्हणाली, "मोठी आई आली नाही तर मी हळदीला बसत नाही. तुझं तू बघ."

मी बघायचं ठरवलं. आक्काला मी ओळखते. तिला शिव्या दिल्या तर ती ऐकून घेईल, तिच्या दारात बसून रडलं तर ती पाणी आणून देईल. पण चुकीच्या पाण्यात चुकीचं आमिष टाकलेलं तिला बघवत नाही. तिथं तिचं तोंड सुटतंच. म्हणून मी चुका करायला बसले.

पहिल्या दिवशी गांडूळ लावलं.

वैशाखातल्या नितळ पाण्याला गांडूळ लावणं म्हणजे काय, हे कळायला मला एक आख्खा पावसाळा लागला होता. माझं माहेर अंबाजोगाईचं. आमच्याकडं मासा बाजारातून पिशवीत, कापून यायचा. लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की गळाला गांडूळ लावतात. आक्काचं माहेर गेवराईकडं, गोदेच्या काठावरचं. तिचे वडील शेती कमी आणि नदीवर जास्त. लग्नात तिनं पितळेचा पानाचा डबा आणला होता, आणि सासरच्यांनी कौतुकानं उघडला तर त्यात पान नव्हतं. सुपारीच्या खणात मोठे काटे, काताच्या खणात बारके, चुन्याच्या डबीत शिशाचे मणी आणि तळाशी गुंडाळलेला तंगुसाचा दोरा. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की मला ती स्वतः बघितल्यासारखी वाटते.

माझ्या पहिल्या आषाढात पाण्याला चहाचा रंग आला होता. आक्का मला ह्याच काठावर घेऊन आली. हवेत ओल्या कडब्याचा वास, बेडकांचा नुसता गदारोळ. तिनं सुपारीच्या खणातला मोठा काटा घेतला, जाड दोरा, जड शिसं, आणि ओंजळभर गांडुळं.

"पाणी कसं हाय?" तिनं विचारलं.

"गढूळ," मी म्हणाले.

"मंग माशाला दिसतंय का?"

"नाही."

"मंग तो कशानं हुडकंल खायाला?"

तिनं माझ्या नाकावर बोट ठेवलं. त्या बोटाला गांडुळाचा वास होता आणि मी शिंकले. "ह्यानं," ती म्हणाली. "गढूळ पाण्यात वासाचं लावायचं. गांडूळ लाव, कोंबडीचं आतडं लाव, लसणाची शिळी भाकर लाव. दोरा जाड असला तरी फिकीर न्हाई, त्याला दिसत न्हाई. शिसं जड घे, न्हाईतर लोंढा घिऊन जाईल. आन काठालाच टाक, लांब फेकू नको. तोबी लोंढ्याला भिऊन काठालाच आलेला असतो." तासाभरात दोन शिंगटे निघाले, मिशांचे, काळे, हातात धरले की कुरकुरणारे. एकानं मला काटा मारला. दोन दिवस हात ठणकत होता आणि मी मिरवत होते.

आमच्या घरात मात्र मासा न्यायची सोय नव्हती. सासूबाई, आम्ही आत्याबाई म्हणायचो, माळकरी. घरात मासा सोडा, माशाचं नावही चालायचं नाही. म्हणून आमचा वेगळा संसार रानात. तीन दगडांची चूल, कडब्याच्या गंजीत लपवलेलं काळं पातेलं, जर्मनची एक परात आणि डालड्याच्या डब्यात तिखटमीठ. चिंचेचा कोळ घालून आक्का कालवण करायची, सोबत घरून आणलेली बाजरीची भाकरी. मग राखेनं हात घासायचे, चिंचेनं घासायचे, लिंबाचा पाला चुरगाळून घासायचे. घरी गेलं की आत्याबाई ओसरीतूनच म्हणायच्या, "अंगावर पाणी घेतल्याबिगर देवघराकडं फिरकू नका." आम्ही मान खाली घालून न्हाणीत. अंगावर पहिला तांब्या ओतला की बाहेरून त्यांचा आवाज हळूच यायचा, "केवढी घावली?"

तर पहिल्या दिवशी मी नितळ पाण्यात गांडूळ सोडलं, जाड दोऱ्याला, जड शिशासकट. बारक्या चिलापी माशांनी ते पाच मिनिटांत कुरतडून नेलं. मी दुसरं लावलं. तेही गेलं. समोर आक्काची मान एकदा वर झाली, परत खाली गेली. तिनं दोन मासे काढले, पिशवीत टाकले, उन्हं चढली तशी उठली आणि निघून गेली. मीही घरी आले. मी हरले असं मला वाटलं नाही. तिची मान वर झाली होती, तेवढं मला पुरलं.

दुसऱ्या दिवशी मी जरा मोठ्या चुका काढल्या. पाठीवर ऊन घेऊन बसले, म्हणजे माझी आख्खी सावली पाण्यावर. लाल लुगडं नेसून गेले. ज्वारीच्या धांड्याचा अंगठ्याएवढा जाड तरंगा बांधला आणि धप्पकन टाकला. वर चप्पल घालून काठावर फिरत राहिले, मोबाईलवर गाणं लावलं. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. सत्तेचाळीस वर्षांची बाई पाण्याकाठी मुद्दाम वेडेपणा करते आहे, आणि समोर साठीची बाई तो न बघितल्यासारखं करते आहे.

पाणी निवळलं की माणसानं नसल्यासारखं बसायचं, हे आक्काचं दसऱ्यानंतरचं शिकवणं. तेव्हा पाण्याला आरशासारखी चकाकी यायची. आक्का काताच्या खणातले बारके काटे काढायची, केसासारखा दोरा, तरंग्याला धांडा नाही तर मोरपिसाची पांढरी दांडी. शेंगदाण्याची पेंड भाजून, गूळ घालून, कणकेत मळायची. त्या पेंडीचा वास इतका सुंदर, की मी एकदा चिमूटभर खाल्ली होती. "मासा हाईस का बाई हाईस?" आक्का म्हणाली होती. वारा कुठल्या काठाला लागतोय ते बघायचं आणि त्या काठाला बसायचं, कारण वाऱ्यानं किडामुंगी तिकडं जमते, आणि तिच्यामागं मासा. रोहू ओढ द्यायचा तेव्हा मोरपिसाची दांडी आधी थरथरायची, मग आडवी व्हायची, मग नाहीशी. आक्का त्या मधल्या क्षणी माझं मनगट धरायची. अजून नाही, अजून नाही, आता. त्या मनगटावर तिच्या बोटांचा दाब मला आजही जाणवतो.

थंडीत आम्ही सकाळी जात नसू. आक्का म्हणायची, गार पाण्यात मासा अंथरूण सोडत नाही. उन्हं चांगली तापली, भाकऱ्या झाल्या, की दुपारी निघायचं. हरभऱ्याच्या शेतातून जाताना पायांना खारट ओल लागायची, आम्ही घाटे खुडत खुडत जायचो. तेव्हा अगदी तांदळाएवढं आमिष, सोललेल्या झिंग्याचा तुकडा, आणि खोल, पार तळाला. मग वाट बघायची. थंडीत मासे कमी आणि गप्पा जास्त व्हायच्या. मला दिवस गेलेत हे मी ह्यांना सांगायच्या आधी आक्काला सांगितलं, ते ह्याच काठावर, पौषात. तिनं ऐकलं, आमिष बदललं, परत दोरा टाकला आणि म्हणाली, "मुलगी व्हावी. पोरं पाण्यात दगडं मारत्यात."

भाऊजी, म्हणजे तिचे मालक, गेले ते तेजू चार वर्षांची असताना. आक्काला मूलबाळ नव्हतं. त्यानंतर सहा महिने ती पाण्याकडं फिरकली नाही. पानाचा डबा माळ्यावर गेला. मी म्हणून बघितलं, ह्यांनी म्हणून बघितलं, ती मान हलवायची. मग एका दुपारी आत्याबाईंनी, गळ्यात माळ आणि कपाळाला बुक्का असलेल्या आमच्या आत्याबाईंनी, माळ्यावरून तो डबा स्वतः काढला. पदरानं पुसला. आक्काच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "जा. पाणी निवळलंय म्हणत्यात." मी दारात उभी होते. मला रडू फुटलं, आक्का मात्र उठली, चप्पल घातली आणि निघाली. त्या बाईंसाठी मी आयुष्यभर हात जोडायला तयार आहे.

पण लग्नकार्यात आक्काचं बसणं बदललं. आधी ती पुढं असायची, उखाण्यात सगळ्यांत खमकी. आता ती चुलीपाशी जायची. हळद निघाली की तिला नेमकं काहीतरी काम निघायचं, कुठं पोळ्या करपत असायच्या, कुठं पाणी संपलेलं असायचं. तिला कुणी उठ म्हणत नव्हतं, तीच आधी उठायची. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं आणि बघून सोडून दिलं. मीसुद्धा. आज ते आठवलं की माझी मलाच चीड येते.

दुसऱ्या दिवशीही आक्का बोलली नाही. माझं गाणं चालू असताना तिनं आपली जागा तेवढी बदलली, दहा पावलं पलीकडं जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी माझ्याकडं रबरी बेडूक होता. तेजूनं मोबाईलवरून मागवलेला. हिरव्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा, मागं दोऱ्यांच्या झिरमिळ्या आणि पोटाशी दोन काटे दडवलेले. वैशाखात मरळीला बेडूकच लागतो, हे बरोबर आहे. पाणी आटतं, तापतं, मरळ बेशरमीच्या सावलीला येते आणि मधून मधून वर येऊन श्वास घेते. डुबुक असा आवाज येतो. त्या आवाजावर आमचे कित्येक वैशाख गेले. आक्का जिवंत बेडूक लावायची, पाठीच्या कातडीतून काटा घालून, म्हणजे तो पोहत राहील. शिसं नाही, तरंगा नाही, नुसता दोरा, आणि बेडूक पाण्यावरून उड्या मारत जायचा. तिच्यापुढं रबराचं खेळणं टाकायचं, आणि तेही जोरात आपटून, अशी माझी तिसऱ्या दिवसाची चूक ठरली होती. चष्मा मी घरी विसरले होते. उन्हानं पाणी नुसतं चमकत होतं. मी बेडूक फिरवला आणि झुडपाच्या कडेला फेकला.

पाणी फुटलं. हातातली काठी अशी वाकली की मी गुडघ्यावर आले. मरळ होती आणि दांडगी होती, दोरा सरसर पाणी कापत होता. माझी चूकच बरोबर ठरली म्हणून मला हसू आलं, आणि तेवढ्यात समोरून आवाज आला.

"सोड! आगं धाकले, सोड तिला! लेकुरवाळी हाय ती!"

मग मला दिसलं. झुडपाच्या कडेला पाण्यावर कुंकू सांडल्यागत लालसर ठिपक्यांचा एक घोळका हलत होता. मरळीची पिल्लं. शेकड्यांनी. ती अशी वर तरंगतात आणि त्यांच्याखाली आई फिरत असते. त्या दिवसांत तिला भूक नसते, पण पिल्लांजवळ काहीही पडलं तरी ती त्यावर तुटून पडते. म्हणून ती धरायला सगळ्यांत सोपी, आणि म्हणून आक्का ती कधीच धरायची नाही. घोळका दिसला की आम्ही डबा बंद करून सरळ घरी जायचो, कितीही लांबून आलेलो असलो तरी. आणि मी नेमका त्या घोळक्यात बेडूक टाकला होता. ही चूक मी ठरवलेली नव्हती.

मी दोरा ढिला सोडला, पण काटा बसलेला. आक्का तोवर पाण्यात उतरली होती. वळसा घालून यायला तिला वेळ नव्हता. लुगड्याचा काचा मारून, कमरेएवढ्या पाण्यातून, चिखलात पाय ओढत ती आली. माझ्या हातातून तिनं दोरा घेतला, हळूहळू जवळ आणला, मासा पाण्याबाहेर न काढताच त्याच्या जबड्यात अंगठा घातला, आणि काटा उलटा फिरवून काढला. रक्ताचा एक बारीक धागा पाण्यात विरला. मरळ क्षणभर तिच्या हातावर तशीच पडून राहिली. मग शेपूट मारून गेली, सरळ त्या लालसर ठिपक्यांखाली.

आम्ही दोघी तिथंच चिखलात उभ्या. आक्कानं रबरी बेडूक उचलून डोळ्याजवळ धरला.

"ह्ये काय हाय?"

"बेडूक. ऑनलाइन मागवला."

"ह्याला वास न्हाई, जीव न्हाई. तिला राग आलता म्हून धरला. न्हाईतर ह्याला कोण खातंय?" तिनं बेडूक माझ्या हातात कोंबला. "परवा गांडूळ लावलंस. काल सावली पाडलीस, गाणं लावलंस. मुद्दाम करत हुतीस, कळत न्हाई व्हय मला? इतक्या नेमक्या चुका न शिकलेल्या माणसाला जमत न्हाईत."

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"बघत हुते. काय काय ध्यानात हाय तुज्या."

"आजची चूक खरी होती, आक्का."

"म्हून तर उटले."

माझ्या पायाखालचा चिखल गरम होता. मी ठरवलं होतं की ती बोलली की मी हसून, थट्टेवारी नेऊन, सहज लग्नाचा विषय काढीन. ते काही झालं नाही. मी सरळ म्हणाले, "आक्का, वाटणीच्या वेळी मी बोलले ते चुकलं."

"व्हय," ती म्हणाली. "चुकलं."

असू दे म्हणाली नाही. मला ते फार बरं वाटलं. असू दे म्हणाली असती तर ते तसंच राहिलं असतं. लाल ठिपके हळूहळू सावलीकडं सरकले. आक्काच्या लुगड्यातून पाणी निथळत होतं.

"हळद लावायला येऊ, का बघायला?" तिनं विचारलं. माझ्याकडं न बघता, पाण्याकडंच बघत.

तेव्हा मला कळलं की पत्रिका घेतल्यापासून ती कुठं अडकली होती. अकरा वर्षांचा अबोला तिनं केव्हाच मागं टाकला होता. तिला चुलीपाशी परत जायचं नव्हतं, आणि हे ती कुणाला विचारणार होती? मला विचारायला तिच्याकडं शब्द नव्हता, आणि मी तिला विचारलंच नव्हतं.

"लावायला," मी म्हणाले. "पहिली तुमची. माझ्याही आधी."

"आन सवाष्णी उटून गेल्या तर?"

"गेल्या तर गेल्या. तेजूच्या अंगाला हळद जास्ती येईल."

ती हसली नाही. खाली वाकली आणि हात धुवायला लागली. आधी बोटं, मग मनगटं, मग कोपरापर्यंतचा चिखल, अगदी सावकाश. धुऊन झाल्यावर तिनं ते हात उलटेसुलटे करून उन्हात बघितले.

"मंग येते," ती म्हणाली.